चौकटीसमोर पाच गोण्या

१४ नोव्हेंबर १९६१, मंगळवार

ठरलं एकदाचं. बाबा 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत.

जेवताना पुन्हा विषय काढला. नागपूरला मावसभाऊ जिथे काम करतो तिथे एकाच ऑफिसातून घराचा नकाशाही निघतो आणि आतल्या कपाटांचा, ओट्याचा, दिव्याच्या जागेचाही. आपल्याकडे बाबा चार भिंती काढून देतात. मग सुतार येतो, त्याला जमेल ते करतो. कपाटाचं दार खिडकीला अडतं आणि मालकीण जन्मभर अर्धंच दार उघडते. दोन्ही कामं आपल्याच टेबलावर का नाही करायची?

बाबा म्हणाले, "आतलं घर बाई मांडते. त्याले नकाशा कायले?"

"बाईला विचारूनच काढायचा," मी म्हटलं.

शेवटी बोली झाली ती अशी — घाटंजीजवळच्या तांड्यावर शंकरसिंग पहिलं विटांचं घर बांधतो आहे. बाहेरचं काम बाबांचं, आतलं माझं. घरच्यांना पटलं तर आमच्या पुढच्या खोलीत दुसरं टेबल येईल, आणि पाटीवर 'घरांचे नकाशे'च्या खाली 'आतील मांडणी'. नाही पटलं तर वणीच्या मुलींच्या शाळेतली नोकरी. शाळेला फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे.

आई एवढंच म्हणाली, "नोकरी पक्की आहे. टेबल कच्चं."

१६ नोव्हेंबर

सकाळी दोन तास बाबांनी शंकरसिंगचं घर सांगितलं, मी काढलं.

माझी पहिली शाळा हीच. मोजणी विटांवर शिकले, भूमिती बाबांच्या टेबलाखाली बसून. तेव्हा ते काढायचे आणि मी बघायची. गेल्या वर्षापासून उलटं झालं आहे. "मी सांगतो, तू काढ. हात वळला पाह्यजे." कागदाकडे न बघता सांगतात! पुढची खोली बारा फूट, दार मधोमध, त्याच्या नाकासमोर स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे चूल. सरकारी नोकरीत तीसेक क्वार्टर बांधले, सगळं तोंडपाठ. नवी मीटरची पट्टी दिली तर परत केली. "याच्यावर मुंग्या छापल्या का? तूच वाच."

माप तीनदा तपासलं. मग चौथ्यांदा. ही सवय जायला हवी.

१९ नोव्हेंबर, रविवार

तांड्यावर जाऊन आले. एस.टी.ने घाटंजी, पुढे दोन मैल पायी.

शंकरसिंग खाट टाकून म्हणाले, "बाई, आतलं जे करायचं ते करा. मले त्यातलं समजत नाही." म्हणून मी त्यांच्या बायकोजवळ, रुपीबाईंजवळ जाऊन बसले. वही उघडली, कपाट दाखवलं — डाव्या कोपऱ्यात, सागवानी, दोन पल्ल्यांचं, आत कप्पे. मला फार आवडलेलं.

रुपीबाईंनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "याच्यात काय ठेवायचं?"

"तुमच्या गोण्या."

या घरच्या गोण्या म्हणजे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे तेव्हाच्या. जाड विणलेल्या, कवड्या शिवलेल्या, आरशांनी भरलेल्या. पाच आहेत. मातीच्या जुन्या घरात शिरलं की नाकासमोर मोठ्या लाकडी घडवंचीवर त्याच दिसतात. येणारा आधी त्यांना हात जोडतो, मग माणसांशी बोलतो. हे मी मागच्या खेपेला पाहिलं होतं. पाहिलं, आणि कपाट काढूनच आणलं!

"कपाटात?" रुपीबाई म्हणाल्या. "मंग त्याईले पाहीन कोण? झुरळं?"

बाजूला बसलेली त्यांची जाऊ जमनी इतकी हसली की तिच्या मांडीवरचं पोरगं जागं झालं.

आमच्या घरी चांगली वस्तू म्हणजे आत ठेवायची वस्तू. मी ते सगळ्यांच्या घरी नेलं. कपाटावर काट मारली. वहीत लिहून घेतलं: पल्ले नकोत. दारातून दिसलं पाहिजे.

२२ नोव्हेंबर

आज दुपारी नकाशावर पट्टी ठेवली. दारातून सरळ रेघ ओढली.

रेघ स्वयंपाकघराच्या दारातून आरपार चुलीच्या धुरात गेली. गोण्यांना ठेवायची भिंतच समोर नाही. पुढचं दार तीन फूट डावीकडे हवं होतं. आज फक्त लाकडी चौकट सरकवायची आहे. वीटही उचलावी लागणार नाही.

पण उद्या सकाळी चौकटीची पूजा. एकदा हळदीकुंकू लागलं की चौकट हलत नाही, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

संध्याकाळी सांगायला गेले. बाबांजवळ किसनराव गवंडी बसलेले, दोघंही हसत होते. "बापूजीचं माप म्हणजे डोळे मिटून बांधावं," किसनराव बाबांचं कौतुक करत होते. त्यांच्यासमोर कसं सांगू? आणि माझंच चुकत असेल तर?

सकाळी बसमध्ये सांगेन.

२३ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

काल त्यापुढे लिहवलं नाही. बसमध्ये बाबांना डुलकी लागली. उतरल्यावर तांड्यातली माणसं सामोरी आली. चौकटीला आंब्याची पानं बांधली, पिवळ्या कपड्यात सुपारी बांधली. ताट माझ्याच हातात दिलं होतं. रुपीबाईंनी चौकटीला कुंकू लावलं, मग मला. "हे आतलं घर काढणारी छोरी," असं त्यांनी बायांना सांगितलं. मी ताट धरून उभी. मापं चारचारदा तपासणारी मी, आणि तोंड एकदाही उघडलं नाही.

१ डिसेंबर

भिंती चार फूट आल्या, बाबा सांगत होते. रोज थोड्या चढल्या असणार, मी बघायला गेले नाही एवढंच.

४ डिसेंबर

सांगितलं.

बाबा पुढच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, शंकरसिंगच्या घराचं दार चुकलं आहे." गोण्यांचं सांगितलं, रेघेचं सांगितलं.

"कधी समजलं तुले?"

"पूजेच्या आदल्या दिवशी."

बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छ होती.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगितलेलं होतं ते."

"म्हणूनच तं बोलायचं," बाबा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "वणीला कळवून टाकू का?"

"नाही," मी म्हटलं. एवढं स्पष्ट मी आईशी कधी बोलले नव्हते. "आधी हे घर नीट करते."

६ डिसेंबर

चौकट हलत नाही. ठीक. मग बाकीचं हलवू.

दोन दिवस हेच. स्वयंपाकघराचं दार मधून काढून उजव्या टोकाला नेलं की पुढच्या दारासमोर कोरी भिंत मिळते. पण उजवीकडे चूल आहे, ती डावीकडे न्यावी लागते. चूल सरकली की धुराडं सरकतं. धुराडं सरकलं की मागची बाहेरची भिंत फोडायची — जी चार फूट चढली आहे. मधली भिंत अजून उभी नाही, ती भारही घेत नाही, म्हणून तीही दीड फूट मागे घेता येते. त्या दीड फुटात गोण्यांसाठी उघडा कोनाडा, भिंतीतच बांधून काढलेला. आणि बाजूच्या भिंतीत उंचावर एक झरोका, म्हणजे दुपारचं ऊन आरशांवर पडेल.

एक गोणी ठेवायची तर मागची भिंत फोडावी लागते. आतलं आणि बाहेरचं वेगळं नसतं, बाबांना मी महिनाभर जे पटवत होते ते हेच. पटवायला माझीच चूक लागली.

७ डिसेंबर

नकाशा बाबांपुढे ठेवला. वरवर हात फिरवला, बाजूला सारला. "असं नाही समजत."

एवढा स्वच्छ काढलेला! रडू आलं. मग चुन्याची बादली घेतली आणि मागच्या अंगणात अख्खं घर खऱ्या मापाने आखलं. चौकटीच्या जागी दोन विटा, चुलीच्या जागी आईचा पाट, गोण्यांच्या जागी गाद्या.

बाबा दोन विटांमधून आत आले. हात पुढे करून गाद्यांपर्यंत चालले, तिथून उजवीकडे, चुलीशी वळले, परत आले. पावलं मोजत होते. तीनदा फिरले. आई म्हणाली, "शेजारचे पाह्यतात, पुरे."

"हे समजलं," बाबा म्हणाले. "हे बरोबर आहे. कोनाडा अजून सहा इंच वर घे, लेकरं चढतीन."

यापुढे प्रत्येक घर आधी अंगणात!

१० डिसेंबर, रविवार

बाबांबरोबर तांड्यावर गेले. आधी रुपीबाईंना दाराचं सांगितलं. तेही सांगितलं की मला पूजेआधीच माहीत होतं.

त्या उठून शेण थापायला गेल्या. तासभर परतल्या नाहीत. त्या तासात किसनरावांनी मला सोडलं नाही. "बांधलेली भिंत फोडू? गोण्या ठेवाची जागा हे सुताराचं काम हाय, गवंड्याले सांगता? बापूजी, आता पोरीले म्हणा, चुलीचा बी नकाशा काढ."

"काढलाय," मी म्हटलं आणि दिला. चुलीचा, धुराड्याचा, ओट्याच्या उंचीचा. ओट्याची उंची रुपीबाईंच्या कोपरावरून घेतलेली. किसनराव कागद बघत राहिले. म्हणाले, "बापूजी, हे तुमी शिकवलं?"

"आतलं नाही," बाबा म्हणाले.

रुपीबाई हात धुऊन आल्या. माझ्याकडे न बघता चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. "इथून किती दिसतीन?"

"चार पूर्ण. पाचवी अर्धी. दाराचा पल्ला आड येईल." हेही लपवता आलं असतं.

शंकरसिंग मध्येच म्हणाले, "घर माह्यं हाय का गोण्याचं?"

"गोण्याचंच," रुपीबाई म्हणाल्या. "तुमी त्याईच्या मांगून आले." मग मला म्हणाल्या, "फोडा भिंत. पण छोरी, पुढच्या खेपेले बोलायचं. मी काय वाघीण हाय?"

९ जानेवारी १९६२

मागची भिंत पुन्हा उभी राहिली. किसनरावांनी कोनाड्याची कड ओळंब्याने तीनदा तपासली. त्यांनाही माझी सवय लागली!

२७ जानेवारी

छपरावर कवेलू चढले. झरोक्यातून ऊन बरोबर साडेतीनला कोनाड्यात आलं. मी घड्याळ घेऊन बसले होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

घरात शिरले एकदाचे शंकरसिंग. तांड्यातली, घाटंजीची, पार नेरची माणसं आली. मी भिंतीला टेकून एकच बघत होते — आत येणाऱ्याचे डोळे कुठे जातात. सरळ गोण्यांवर. प्रत्येकाचे. एक म्हातारी उंबऱ्यातच थांबली, हात जोडले, आणि मागची रांग खोळंबली.

पाचवी गोणी पल्ल्याआड अर्धी लपली, सांगितलं होतं तशी. मी रुपीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ते माह्या सासूची. तेबी अशीच दाराआड बसून सगळं आयके."

बाबा गोण्यांकडे फारसं बघत नव्हते. कोनाड्याच्या कडेवरून हात फिरवत उभे होते, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

परतताना घाटंजीच्या स्टँडवर बाबा वणीच्या गाडीत चढायला निघाले. मी हाताला धरून थांबवलं, पाटीवर केवढ्या मोठ्या अक्षरात 'वणी' लिहिलं होतं. म्हणाले, "म्हटलं तुझी शाळा पाहून येऊ."

हसले मी. मग गाडीभर हसू आलं नाही.

२१ फेब्रुवारी

वणीला नकार कळवला. पत्र आईने स्वतः पेटीत टाकलं. वाटेत उघडून वाचलं असणार.

२३ फेब्रुवारी

बाबांना दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, निदान दीड वर्षाचा. "यांना कागदावरची रेघ दिसत नसेल." ऑपरेशन होईल, पण पिकायला वेळ आहे.

म्हणजे वर्षभर जे चाललं होतं ते शिकवणं नव्हतं. शंकरसिंगचं घर, त्याआधीची तीन — क्वार्टर आठवून आठवून सांगितलेले, आणि बघणारी एकटी मी. त्या दिवशी दार चुकलेलं या घरात फक्त मला दिसत होतं.

परत यायला रिक्षात बसलो. मग बाबा म्हणाले, "पाटी रंगवायला देशील तं तुझं नाव वर घाल. माह्यं खाली राहू दे, मले तसंही वाचता येत नाही."