बावीस कोऱ्या जागा

५ मार्च
रालित्साने मला फसवलं, म्हणून लिहिते आहे. हे कोणापाशी बोलणं मला जमणार नाही.

माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी. आता कॉलेजात संशोधनपद्धती शिकवते, माझ्याच जागेवर. गिरणीचं पाळणाघर बंद करावं का, हे ठरवायला नगरपालिकेसाठी तिने चाळीस बायकांच्या मुलाखती घेतल्या. अहवालात लिहिलंय — बावीस जणींची हरकत नाही.

आज पेंका तो अहवाल घेऊन आली. आमच्याच गल्लीतली, गिरणीचं रंगखातं बंद झाल्यापासून तिथेच विणकामावर आहे. म्हणाली, "हरकत नाही असं कोण म्हणालं? मुकादम दारात उभा होता. आम्ही गप्प बसलो!" आणि मग, "तुमच्या हाताखालची पोर म्हणून बोलायला बसलो, बाई."

६ मार्च
कॉलेजात गेले. रालित्साने कॉफी मागवली. मी प्यायले नाही.

"पुराव्यापलीकडे अर्थ लावू नये, हे तुम्हीच शिकवलंत, बाई."

"मोजण्याआधी काय मोजतोय ते विचारावं, हेही मीच शिकवलं. गप्प बसणं म्हणजे काय दगड आहे, उचलून तराजूत टाकायला? त्यात दारातला मुकादम असतो. समोर बसलेली तूही असतेस!"

ती खाली बघत राहिली.

"बोलत नाहीस? मग हरकत नाही असं लिहू?"

तिचे डोळे भरले. मला दया आली नाही. मी निघताना म्हणाली, "नियम विभागाचा आहे, जुना. मी फक्त पाळला." कोणी केला, विचारलं. सांगेना.

७ मार्च
एक तारखेला रालित्साने शुभेच्छा म्हणून माझ्या मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा मी कात्रीने कापला. वसंतात करकोचे परत येईपर्यंत ठेवायचा असतो. नाही ठेवला.

९ मार्च
पेंका चीजचे थर भरलेली बानित्सा घेऊन आली, गरम. "बारा तारखेला नगरपालिकेची बैठक आहे. पाळणाघर गेलं तर माझ्या सुनेची नोकरी गेली म्हणून समजा."

म्हटलं, तो नियम सापडू दे, मग बघते एकेकाला.

"बघाच! कॉलेजातसुद्धा तुम्हाला बघून पोरं रस्ता बदलायची म्हणे." हसली. किती विश्वासाने हसली!

१० मार्च
सापडला. माझ्याच कपाटात, विभागाच्या जुन्या नियमांच्या वहीत. सन १९९६, कलम नऊ: उत्तर न दिल्यास हरकत नाही असे धरावे.

अक्षर माझं. तेव्हा तक्त्यात कोरी जागा चालणार नव्हती, आणि मला घाई होती.

रालित्साला माहीत होतं. तरी तिने माझं नाव घेतलं नाही.

१२ मार्च
नगरपालिकेच्या सचिवांना दिलं: नियमांची वही, कलम नऊवर खूण करून. नियम चुकीचा आहे आणि तो मी केला, असं सहीनिशी पत्र. बावीस जणींची उत्तरं कोरी धरावीत, अशी विनंती.

पेंकाला दिला: रंगखातं ज्यावरून बंद झालं तो १९९६चा अहवाल. माझाच. त्यात कलम नऊप्रमाणे एकोणीस जणींची हरकत नव्हती.

तिने उभ्याउभ्या वाचला. घडी करून पिशवीत ठेवला. काही बोलली नाही.

त्याचा अर्थ मी लिहीत नाही.