ऑनलाइन मागवलेली चार चाकं

बाबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसलोय ते चाकांबद्दल. टायरवाल्याचा मुलगा असून मी गाडीची चार चाकं मोबाइलवर पाहून मागवली. चकचकीत अलॉय, टायर चढवलेले, बॅलन्सिंग केलेलं, थेट खोक्यात घरी. फाट्यावरचं आपलं दुकान मी तुमच्यामागे वर्षभरसुद्धा चालवलं नाही, शाळेत मास्तर झालो, तेव्हा तुमच्या दृष्टीने मी आधीच वाया गेलेलो. पण ही चाकं हौसेची नव्हती. आईच्या कमरेच्या मणक्यात गाठ निघाली. दर पंधरा दिवसांनी तिला अकोल्याला सलाईन लावायला न्यायचं, अशा आठ खेपा डॉक्टरांनी सांगितल्या. जुने टायर घासून गोटा झाले होते. तिला हादरे बसू नयेत म्हणूनच मी हा खटाटोप केला.

पहिल्याच खेपेला किन्हीराजाहून निघालो, मालेगाव सोडून चौपदरी रस्त्याला लागलो. काटा ऐंशीवर गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, मग सीट, मग दरवाजेही. आई मागे डोळे मिटून, उशी कमरेला दाबून पडलेली. "काहून रे हालते इतकी?" तिने विचारलं. "रस्ता खराब हाय, आई," मी म्हणालो. रस्ता नवाकोरा होता. तीस वर्षं टायरवाल्याचा संसार केलेल्या बाईला, मी चाकं न पाहता घेतली हे सांगायची मला लाज वाटली. साठवर आणलं की थरथर थांबायची, पण वेळ वाढायचा, आणि तिला तितकं बसवत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर. वाशीमला दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "मशीन झिरो दाखवून राह्यली, आता मी काय करू?" विकणाऱ्यांना फोन केला, तर एकदा गाडीला लावलेलं चाक परत घेत नाही म्हणे. अशा चार खेपा मी तिला नेलं. प्रत्येक वेळी ती रस्ता खराब आहे का असं विचारायची आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणायचो.

तुमचा हात आठवत होता मला. मी कॉलेजात आहे, सुट्टीचा दिवस, एका जीपचं चाक मी बसवलंय. तुम्ही येता, सगळे नट पुन्हा खोलता, चाक उतरवता, चाक ज्यावर बसतं त्या हबवरून बोट फिरवता. बोटाला माती लागते. ती तुम्ही माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसता, चार गिऱ्हाइकांसमोर. "चाक लावन्याच्या आंधी कुठं बसते ते पाहावं," इतकंच म्हणता. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. राग बरीच वर्षं राहिला, खरं सांगतो.

चौथ्या खेपेनंतर आई म्हणाली, "आता मी नाई येत बाप्पा. दुखनं परवडलं, तो रस्ता नाई." मग मात्र लाज बाजूला ठेवून मी तुमच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाकडे गेलो. त्याचं दुकान आता आपल्याच फाट्यावर आहे, केस पांढरे झालेत. त्याने मशीनकडे पाहिलंही नाही. चाक उतरवलं, मधल्या भोकात बोट घातलं. "गुरुजी, भोक हबापेक्षा मोठं हाय. चाक बसलंच नाई, नुसतं नटावर टांगलेलं हाय. मशीन त्याले मधोमध पकडते, म्हून झिरो दाखवते." मग हसला. "मालक असते तर काय म्हनले असते, सांगू?" नको म्हणालो. मधल्या जागेत बसणारी चार कडी त्याने अकोल्याहून आणवली. आता गाडी शंभरवरही हलत नाही. इतकुशा कड्यासाठी मी तिची हाडं दीड महिना खिळखिळी केली.

शुक्रवारी पाचवी खेप आहे. डॉक्टर म्हणतात, मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा वाढेल. सकाळी मी तिला म्हणालो, "चल, रस्ता सुधरला." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "पंधरा दिवसात? मास्तर हायेस, खोटं तरी नीट बोलत जाय." म्हणजे आता खरंच सांगावं लागेल. रस्ता चांगलाच होता, चाकं मी आणलेली होती, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती पलीकडच्या खोलीत जागी आहे. मधे फक्त एक दार आहे, तेही उघडं. आणि मी इथे बसून तुम्हाला लिहितोय, कारण तुमच्याकडून आता काही ऐकून घ्यावं लागत नाही. ती रागावेल याची भीती नाही, बाबा. ती "असू दे" म्हणेल, ते मला ऐकवणार नाही.