बूट कोण धरणार?

६ एप्रिल, रविवार

उतरले! आज पुन्हा उतरले पाण्यात!

मास्तरांची रिमोटवरची छोटी बोट लव्हाळ्यात जाऊन अडकली. मास्तर रिमोट दाबतायत, बोट जागची हलत नाही, आणि लगेच काठावरून सगळ्यांची एकच आरोळी — "पाणबुड्या!" झालं. पाणबुड्या म्हणजे आमचे हे — ह्यांनी बूट काढले, मास्तरांच्या हातात दिले आणि निघाले. तळ्यावरचा नियमच तसा आहे. ज्याची बोट अडकली, त्याने पाणबुड्याचे बूट हातात धरून उभं राहायचं — बोट परत येईपर्यंत. खाली ठेवायचे नाहीत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, सगळ्यांत वडीलधारा माणूस, पण आमच्या ह्यांचे चिखलाचे बूट छातीशी धरून उभा! ह्यांना त्याचंच केवढं सुख.

पाणी कमरेपर्यंत. गार. खाली चिखल. मी टॉवेल घेऊन काठावर उभी. हिवाळ्यात छातीत दुखून दवाखान्यात होते ते काय विसरले? डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं — गार पाण्यात उतरायचं नाही, चिखलात पाय ओढत चालायचं नाही. तळ्यावर कुणालाच माहीत नाही. तेव्हा "लेकीकडे गेलोय" म्हणून ह्यांनी थाप मारली आणि माझ्याकडून वचन घेतलं.

"कळलं ना त्यांना, तर मला खुर्चीत बसवतील आणि गुडघ्यावर शाल टाकतील," म्हणाले. "मी बिचारा नाहीये."

बोट घेऊन बाहेर आले तेव्हा ओठ निळे. आणि हसतायत!

७ एप्रिल

दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी म्हणाले, "आज घरात किती शांत शांत वाटतंय, छान!" कपाळावर हात मारला.

९ एप्रिल, बुधवार

लेकीचा फोन. "आई, तू सांगून टाक ना त्यांना सरळ." अगं, वचन दिलंय. आणि सांगितलं तर हे तळ्यावर जायचेच नाहीत, घरात बसून माझंच डोकं खातील. तिला हसू आलं. मला नाही आलं.

मग तीच म्हणाली, "अडकलेली बोट आणायला माणूसच कशाला लागतो? दुसरी बोट नाही का पाठवता येत?"

फोन ठेवला आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. भाजी करपली.

१३ एप्रिल, रविवार

तोंड उघडलं एकदाचं. "आपण बोटी सोडवायला एक वेगळी बोट ठेवू या का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं मी काठावर स्वेटर विणत बसते. त्यांच्या बोटींतलं पुढचं-मागचंही मला कळत नाही. ड्रायव्हर — जन्मभर बस चालवली, आता त्याला बोटसुद्धा ओव्हरटेक करायला हवी असते — तो म्हणाला, "वहिनी, पाणबुड्या असताना बोट कशाला? घरी भांडण झालंय का?"

"तसंच समजा," म्हटलं.

आणि हे? माझ्याकडे असे पाहत होते! सगळं कळलं होतं त्यांना. मास्तरांनी सवयीप्रमाणे हात वर करायला लावले. बहुमत झालं आणि गळ्यात माळ माझ्याच पडली — वहिनींनी सुचवलंय, तर वहिनींनीच निवडावी.

येताना वाटेत हे एवढंच म्हणाले, "वचन पाळलंस. हुशार आहेस."

कौतुक होतं की टोमणा? अजून ठरवता येत नाहीये.

१६ एप्रिल, बुधवार

एक — वल्ह्यांची खरीखुरी छोटी होडी. मास्तरांच्या ओळखीत आहे एक. पण तिच्यात बसणार कोण? वल्ही मारणार कोण? सांगायलाच नको. रद्द.

दोन — मासे धरायची काठी, दोरीच्या टोकाला चेंडू. बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि ओढायचं. मागच्या अंगणात करून पाहिलं. पहिली फेक शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत. दुसरी थेट शेजारणीलाच. रद्द!

तीन — रिमोटवरचीच बोट. पण कसली? वेगवान, हलकी, जड, रुंद? एवढा विचार मी लग्न ठरवतानाही केला नव्हता.

२० एप्रिल, रविवार

दोन बोटी आणल्या होत्या. एक ड्रायव्हरची लाल, वाऱ्यासारखी सुटणारी. दुसरी मास्तरांच्या पुतण्याकडून आणलेली टग — मोठ्या जहाजांना ढकलतात तसल्या बोटीची नक्कल. ठेंगणी, रुंद, जाडजूड. नाकावर फोमचे दोन हात, पुढे पसरलेले. बघताच मला आवडली. माझ्यासारखीच आहे.

एक जुनी बोट मुद्दाम मध्ये सोडून दिली. लाल बोट गेली ती सुसाट, जाऊन अशी धडकली की जुनी बोट उलटीच झाली. "सोडवली की नाही!" म्हणे ड्रायव्हर. मग टग निघाली. सगळे जांभया द्यायला लागले. पण ती हळूहळू गेली, उलट्या बोटीला दोन हातांत घेतलं आणि ढकलत ढकलत काठाला आणून लावलं. मला एकदम रडूच आलं. डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणून सांगितलं सगळ्यांना.

एकच खोट. दुसऱ्या फेरीत लव्हाळ्याजवळ तिच्या पाण्याखालच्या पंख्यात शेवाळ गुंडाळलं आणि ती थांबली. लगेच ह्यांचा हात बुटाच्या नाडीकडे! नशीब, वाऱ्याने आपली आपण बाहेर आली.

मास्तर म्हणाले, पंख्याभोवती तारेची जाळी बसवा. ड्रायव्हर म्हणाला, जाळीने वेग मरेल. मरू दे वेग. मी म्हटलं — टग. जाळीसकट. ठरलं.

२२ एप्रिल

हे जेवणाच्या टेबलावर टग उलटी ठेवून बसले होते. हातात पक्कड. माझी पीठ चाळायची जुनी चाळण कापून पंख्याला जाळी करत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणी केली तर धड करणार नाही," म्हणाले. वर बघितलं नाही.

जाळी सुरेख झाली आहे. चहा करून ठेवला तो तसाच गार झाला.

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस तळ्यावर एकटी जाऊन सराव करते आहे. लांब जाताना सगळं ठीक. पण बोट आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं ते उजवं आणि उजवं ते डावं! आज दोनदा तिला काठाच्या दगडांवर नेऊन धडकवलं. बदकंसुद्धा लांबून बघतात.

पण शिकणार. रिमोट दुसऱ्याच्या हातात दिला आणि तो त्या दिवशी आला नाही, तर? मग पुन्हा आरोळी, पुन्हा बूट.

२७ एप्रिल, रविवार

ड्रायव्हरचीच लाल बोट अडकली! ऐन लव्हाळ्यात. आरोळी उठली — "पाणबु..." आणि अर्ध्यावर थांबली. सगळ्यांना टग आठवली.

रिमोट घेतला. टग परत येताना डावं-उजवं मनात घोकत होते. पण आणली! दोन हातांत धरून आणली. टाळ्या, शिट्ट्या. मास्तरांनी तर माझा हात हातात घेऊन हलवला.

मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं. बाकावर बसले होते. एका बुटाची नाडी सुटलेली. वाकून ती पुन्हा बांधत होते. हळूहळू, नीट, गाठीवर गाठ.

ड्रायव्हर बोट पुसत हसत होता. त्याचे हात मोकळेच होते.

घरी आलो. दार उघडताना म्हणाले, "आता बूट कोण धरणार?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१ मे, गुरुवार

खिडकीपाशी जातात, परत येतात. वर्तमानपत्र उघडतात, मिटतात. त्यांची स्वतःची बोट कपाटावर धूळ खात पडली आहे. मीही त्यांच्या मागून उगीच या खोलीतून त्या खोलीत. विणायला बसले तर टाके सुटतात.

काय वाईट केलं मी? मला माझा नवरा जिवंत हवा आहे. रुसलेला असला तरी चालेल. असंच दिवसभर स्वतःला सांगते आहे आणि तरी चोरी केल्यासारखं वाटतंय.

४ मे, रविवार

गेले नाहीत. "पाय दुखतोय." कुठला ते विचारलं तर आधी डावा दाखवला, मग उजवा. मीही गेले नाही.

८ मे

ड्रायव्हरचा फोन. टग सध्या त्याच्याकडे आहे. टग आता काय पळते, येऊन बघा वहिनी, रविवारी शर्यत लावतोय म्हणे. टगची शर्यत! या माणसाला कुणीतरी आवरा.

हे शेजारीच होते. "पळते?" म्हणाले. "जाळी असताना कशी पळेल?" मग उठून कपाटावरची आपली बोट काढली आणि पुसायला घेतली.

११ मे, रविवार

जाळी काढून ठेवली होती मूर्खाने. आम्ही पोहोचलो तेव्हा टग लव्हाळ्यात अडकून पडलेली, पंख्यात शेवाळ. सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले. हे बाकावर बसले आणि म्हणाले, "मला नाही जमणार. हिवाळ्यात हृदयाचा झटका येऊन गेलाय मला. लेकीकडे नव्हतो गेलो." ड्रायव्हरची मान खाली. तो नाडी सोडायला वाकला, पण तोवर मी बूट काढले होते. मास्तर म्हणाले, टग तर सगळ्यांची, मग हे बूट धरायचे कुणी? हे उठले. "जाळी मी केली होती," म्हणाले, "द्या इकडे." पाणी फार गार होतं. "डावीकडे दगड आहे, तो धर... आता चिखल, पाय उचलून टाक... घाबरू नकोस गं, पुढे कडक आहे," असं ते काठावरून सांगत राहिले आणि मी तशी चालत गेले. टग उचलून मागे वळले. माझे बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून हे उभे होते.