दारूचा प्रश्न आणि माझं उत्तर

सातारा, सोमवार

मोहितेसाहेबांना रामराम,

ड्यूटीवर मी प्यायलो, ते तुमी वर कळवलंत आणि गुप्त फायलींच्या खोलीत जायची माझी परवानगी गेली. तवा तुमाला लय शिव्या दिल्या. मग मिरजेत उपचार घेतले. आता चौदा महिनं थेंब घेतला न्हाई.

आज परवानगीचा फॉर्म परत भरला. त्यात इचारलंय, "दारूसाठी कधी उपचार घेतले का?"

मेव्हणा म्हणाला, "न्हाई लिही गड्या, कोण बघतंय?"

बायको क्रांती म्हणाली, "आवं, खरं तेच लिवा. खोलीची परवानगी न्हाई मिळाली तर न्हाई."

मी "होय" लिहिलं, दवाखान्याचे कागदही जोडले.

फॉर्म तपासणारे चौकशीला तुमच्याकडं येतील, म्हणून हे पत्र धाडत न्हाई. माझ्यासाठी शब्द टाका, असं म्हणतोय असं वाटंल. ते मला नको हाय.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
वीरधवल