सभागृहातून येणारा प्रश्न

प्रिय मुंगे,

तुझा प्रबंध पोहोचला. शेवटच्या पानापर्यंत वाचलाही. तुझ्या परीक्षकांबद्दल मी एवढी खात्री देणार नाही. तुझ्या बाबांनी फोनवर बजावलंय, ताई, पोरीला घाबरवू नकोस. माझा हा भाऊ शाळेत तोंडी परीक्षा आली की पोट धरून घरी बसायचा, त्याचं काय मनावर घ्यायचं!

माझी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा बंद खोलीत झाली. दोन परीक्षक, मी आणि एक कुरकुरणारा पंखा. तिथे खरंच नापास करत, त्यामुळे खरंच विचारतही. पुढे नोकरी केली त्या विद्यापीठात सगळा थाट लग्नाचा: झगे, टोप्या, पहिल्या रांगेत नातेवाईक. तास भरला की शिपाई दंड घेऊन आत यायचा, जमिनीवर आपटायचा आणि वाक्य अर्धं तोंडात असलं तरी परीक्षा संपायची. एका पठ्ठ्याने अवघड प्रश्नाला असं काही लांबण लावलं की शेवटी त्या दंडानेच त्याला तारलं. झाला डॉक्टर, घड्याळाच्या कृपेने.

तुमच्याकडची तऱ्हा तिसरीच. भर सभागृहात विद्यापीठाने नेमलेला विरोधक विचारणार, आणि तू फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. शेवटी अध्यक्ष श्रोत्यांना विचारतात, कुणाची हरकत आहे का? तोवर सगळ्यांचे डोळे चहाकडे लागलेले. ते नुसतं म्हणायचं असतं, असं तुझे मार्गदर्शक तुला म्हणालेच असतील.

तुझ्या पुलांच्या भेगा मी नीट पाहिल्या. तिसऱ्या प्रकरणात मार्गदर्शकांचं जुनं सूत्र: बारीक भेगा निरुपद्रवी. आणि मागे परिशिष्टात तुझी स्वतःची मोजमापं: खाऱ्या हवेत त्याच भेगांतून आतली सळई गंजते. पुढच्या दाराने सूत्राला नमस्कार, मागच्या दाराने त्याची तिरडी! कौतुक वाटलं, रागही आला. त्या सूत्राच्या भरवशावर उद्या कुणीतरी एखादा पूल सुरक्षित ठरवील. विरोधक पडला मार्गदर्शकांचा जुना मित्र. तो ते पान उघडायचा नाही. आणि कुणी विचारलंच नाही, तर तुला तोंड उघडता येणार नाही.

म्हणून हे पत्र. मी येतेय. अध्यक्षांनी हरकत विचारली की उभी राहीन आणि विचारीन, सूत्र खरं की परिशिष्ट? आत्या म्हणून सांभाळून घेणार नाही. नको असेल तर फोन कर, मी मुकाट चहा पिऊन परत जाईन. पण तू करणार नाहीस. तिकीट काढूनच लिहायला बसले.

मागच्या रांगेतली तुझीच,
आत्या