गुलाबसाठी पातळ वरण

कुंदा, जरा डोळ्यांपुढे आण. पारोळ्याच्या किल्ल्याला वेढा पडलाय आणि आतल्या शिपायांना नुसती भाताची पेज मिळतेय. गोवराने तुझ्या धाकट्या भावाच्या, आपल्या गुलाबच्या अंगात तेच मांडलंय. ताप उतरेना, म्हणून मी तुझ्या बाबांना आणायला पहिल्या गाडीने भुसावळला निघालो.

गोवर आला म्हणून आजीने घरात फोडणी बंद केली, त्याला माझी हरकत नाही. पण “डाळ दिधी ते गोवर पोटमा जाई”, डाळ दिली तर गोवर पोटात उतरेल, म्हणत तिने वरणही तोडलं, याचा मला घोर लागलाय. रोगाशी लढणाऱ्या शिपायांना थोडं जस्त लागतं. बादलीवरचं नव्हे हं, डाळीत, तिळात असतं तेवढंच! त्याने गोवर पळत नाही, पण शिपायांचं बळ टिकतं.

चुलीजवळ मुगाचं पातळ वरण झाकून ठेवलंय. घोटघोट पाज. आजी रागावली तर माझं नाव सांग, उलट बोलू नकोस. गुलाबला धाप लागली तर मात्र कुणाला विचारत बसू नकोस. शेजारच्या शालिग्रामभाऊंना हाक मार, ते त्याला दवाखान्यात नेतील.

निघताना मी दोन चमचे पाजले. वाटी बाजूला ठेवू लागलो, तर पोराने डोळे न उघडताच माझं मनगट धरलं आणि वाटी पुन्हा तोंडाशी ओढली.

आबा