साक्ष द्यायला मी येणार नाही

बुधवार, १४ नोव्हेंबर

धाकट्या,

ताईचा सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. माझंही ठीक चाललंय. काजांचं मशीन मी पुढच्या खोलीत आणलं. आईचा पलंग हलवल्यापासून तिथे जागा झाली आहे, उजेडही चांगला येतो. शाळेच्या गणवेशाचे शर्ट आलेत. एका शर्टाला सात काजं, मान वर करायला फुरसत नाही.

आईसाठी तू रविवारी उपकारस्तुतीची उपासना ठेवली आहेस आणि मी पुढे उभं राहून साक्ष द्यावी म्हणतोस. मजकूरही तूच लिहून पाठवलास. पाळक माणूस तू, वाक्यं छान जमतात तुला. ‘आई अखेरच्या घासापर्यंत देवाचे आभार मानत राहिली.’ त्याच्याखाली रेघही ओढली आहेस.

हे खरं नाही. का नाही, ते सांगायचं मी चार दिवस टाळतेय.

अंगाची एक बाजू गेल्यापासून नऊ वर्षं आईला मी भरवलं. प्रत्येक जेवणाआधी ती डोळे मिटायची. अन्नासाठी आभार, छपरासाठी आभार, आणि ‘माझा मुलगा, तुझा सेवक’ त्याच्यासाठी आभार. तू वर्षातून दोन दिवस यायचास, फळं आणायचास. त्या फळांचे आभार महिनाभर चालायचे. मी शेजारी वाटी धरून उभी. नऊ वर्षांत माझं नाव देवाच्या कानावर एकदाही गेलं नाही. मी आमेन म्हणायचे आणि निवलेलं जेवण पुन्हा गरम करून आणायचे.

ती जायच्या बारा दिवस आधीची गोष्ट, दुपारची वेळ. सकाळपासून मी तीनदा चादर बदलली होती. कारखान्याचा माणूस शर्ट न्यायला आला, तर निम्मे तसेच पडलेले. पुढच्या वेळी काम दुसरीला देतो म्हणाला. तो गेल्यावर मी वाटी घेऊन आईजवळ बसले. आईने डोळे मिटले, “हे बापा, हे अन्न तू पुरवलंस...”

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, “आई, हे मी केलंय. तुला उचलते मी, धुते मी. एकदा तरी माझं नाव घे, मग जेव.”

मी ओरडले नाही, धाकट्या. ओरडले असते तर परवडलं असतं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “थँक्यू, बाई.”

रक्त काढायला यायची त्या नर्सला म्हणायची, तसं.

त्यानंतर तिने प्रार्थना केली नाही. संध्याकाळी मी वाटी आणली आणि थांबले. तिने नुसतं तोंड उघडलं. जेवून झाल्यावर पुन्हा तेच, थँक्यू, बाई. तिसऱ्या दिवशी मी विनवलं, आई, प्रार्थना कर ना. तिने मान हलवली. मग मीच डोळे मिटले, ‘हे बापा’ म्हटलं आणि पुढे शब्दच सुचेना. नऊ वर्षं रोज ऐकलेली प्रार्थना, मला एक ओळ आठवली नाही. डोळे उघडले तेव्हा ती वाटीकडे बघत होती.

अखेरच्या घासापर्यंत तिने आभार मानले, ते माझे. हवं होतं ते मला दिवसातून तीनदा मिळालं.

ती रुसली असेल असं मी आधी स्वतःला समजावलं. रुसायची ती, तुला माहीत आहे. पण रुसलेलं माणूस तोंड फिरवतं. ही माझ्या हाताकडे बघायची. धाकट्या, मला वाटतं ती घाबरली होती. देवाचं नाव घेतलं तर ही जेवायला देणार नाही, असं तिला वाटलं असेल. मी दिलं असतं रे. पण ते तिला सांगितलं नाही. बारा दिवस होते माझ्याजवळ.

दफनाच्या दिवशी बायका माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, अशी लेक देवाने दिली, त्याचे उपकार. मी मान डोलावली.

तू उपासना घे. तिच्यासाठी देवाचे आभार मानायला तुझं तोंड अजून शाबूत आहे. माझं उघडत नाही, आणि उघडावं अशी इच्छाही नाही. त्याला तिचा आवाज बारा दिवस ऐकू आला नाही, तर त्याने तरी कुठे विचारपूस केली?

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की त्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर तू माझे आभार मानणार आहेस. तेवढं करू नकोस. आभार मानायला कुणी उठलंच, तर त्याला खाली बसव.

तुझी,
ताई